हवेच्या बंदुकीतली काजळी

दादा,

कावळा दोन मिनिटांत शिवला. गोदाघाटावर पिंड ठेवून आम्ही चार पावलं मागे सरलो नाही तोच एक उतरला, भात उचलला आणि गेला. शेजारच्या एका घरची माणसं तासभर हात जोडून उभी होती. पोरीचं लग्न करू, मळा विकणार नाही, असं काय काय कबूल करत होती, आणि त्यांचा कावळा फांदीवरून हलत नव्हता. आपल्याकडे कुणाला काही कबूल करावंच लागलं नाही. मामा म्हणाले, माणूस बघा कसा तृप्त होऊन गेला, काही राहिलं नाही मागे. आईने मान हलवली. मीही हलवली. कावळ्याला काय, भूक लागली की तो शिवतो.

राहिलं होतं. तुझं काय राहिलं ते तिथे जमलेल्या साठ-सत्तर माणसांत मला एकट्याला ठाऊक होतं, आणि मी मूग गिळून उभा होतो. आता तेरावंही झालं, पाहुणे गेले, उरलेल्या बुंदीला मुंग्या लागल्या. आता लिहायला बसलोय. तू वाचणार नाहीस म्हणूनच लिहितोय. तू असतास तर एक अक्षर लिहिलं नसतं, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

मागच्या उन्हाळ्यात तू माझ्या सातपूरच्या खोलीवर आलास, ते गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. मी दुसऱ्या पाळीला निघायच्या तयारीत होतो. तू गोणपाट सोडलं आणि आपली छर्‍याची बंदूक माझ्या पलंगावर ठेवलीस. सतरा वर्षं मळ्यातल्या शेडच्या माळ्यावर पडलेली. नळीला गंज, दस्ता चिरलेला, आत कोळ्यांचा संसार. म्हणालास, "संज्या, एवढी चालू करून दे. साळुंक्या लय झाल्यात."

मी हसलो. अण्णा गेल्यावर, दोन वर्षांपूर्वीच, तू द्राक्षबाग उपटली होतीस आणि मळ्यात झेंडू लावला होतास. झेंडूला कुठली साळुंकी खाते? तुला खोटं बोलता यायचं नाही, कधीच आलं नाही. तुझा आवाज तेव्हाच बसलेला होता. तंबाखूने बसलाय म्हणालास. मी म्हणालो, बसू दे की, नाहीतरी तू कुठे काही बोलतोस. जाताना दारात थांबून तू सांगितलंस, दुसऱ्या कुणाला देऊ नको, तूच खोल, आतलं तूच बघ. मी टर्नर आहे म्हणून सांगत असशील, असं मला वाटलं.

ती बंदूक आजोबांनी देवळाली कॅम्पातून आणलेली. कुणी गोरा साहेब परत जाताना आपल्या खानसाम्याला देऊन गेला आणि खानसाम्याकडून ती आजोबांकडे आली, अशी घरातली कथा. नळी मोडायची, छर्रा बसवायचा, नळी सरळ करायची, चाप ओढायचा. आत बारूद नाही की काडतूस नाही. स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, हवा दाबली जाते आणि तिच्या रेट्याने छर्रा जातो. आजोबांनंतर ती अण्णांकडे आली, आणि द्राक्षं पिकायला लागली की ते ती खांद्यावर टाकून बागेत फिरायचे. मारलेली साळुंकी तारेला उलटी टांगायचे, बाकीच्यांनी बघावं म्हणून. अख्ख्या मखमलाबादेत आपल्या बागेतल्याइतक्या टांगलेल्या साळुंक्या कुणाकडे नव्हत्या. अण्णांचं घर चालवणंही तसंच होतं. एकाला टांगायचं आणि बाकीच्यांना दाखवायचं. पुढे तुला टांगलं.

नेम धरायला तूच शिकवलंस मला. पोटावर झोपवायचास, माझ्या गालाखाली तुझा हात असायचा आणि कानात सांगायचास, श्वास सोड, अर्धा सोड, आता थांब. मी सातवीत आणि तू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. मला मिलिटरीत जायचं होतं. देवळालीच्या तोफांचा आवाज वारा फिरला की मळ्यापर्यंत यायचा आणि तू सांगायचास, हे सगळे तुझ्या हाताखालचे लोक, साहेब, सराव करतायत. तेवढं एक वर्ष मी खरंच सुखात होतो. तेही तुझ्यामुळेच.

मग तो दसरा. गाव सांगतं तसंच आधी सांगतो. दुपारी जेवणं झाल्यावर तू बंदूक काढलीस. विहिरीच्या काळ्या दगडी कठड्यावर तुपाचा रिकामा डबा ठेवायला मला पाठवलंस. मी डबा ठेवला आणि मागे यायच्या ऐवजी बाजूला पाच-सहा हातांवर उभा राहिलो. तू ओरडलास, मागं ये. मी म्हणालो, इथूनच बघतो. तू म्हणालास, बघ मग. आणि चाप ओढलास. रोज ‘फट’ व्हायचं, त्या दिवशी ‘धडाम’ झालं. डब्याला लागून खाली पडायचा तो छर्रा डबा फोडून दगडावर आपटला आणि त्याचा तुकडा माझ्या उजव्या डोळ्यात आला.

अण्णांनी तुला ठिबकच्या नळीने मारलं. मी दवाखान्यात होतो, मला नंतर कळलं. आई सांगायची, तू हात वर केला नाहीस, ओरडलाही नाहीस. एवढंच म्हणत राहिलास, सुटली हातून. अण्णांनी तुझं कॉलेज तिथेच संपवलं. त्याचा डोळा घालवलास, आता आयुष्यभर त्याचा डोळा हो, असं म्हणाले आणि तुझ्या हातात फवारणीचा पंप दिला. बंदूक माळ्यावर फेकली ती फेकलीच. मोठ्याने धाकट्याचा डोळा फोडला, ही गोष्ट गावात इतकी मुरली की तुला मुलगी बघायला जायचं म्हटलं तरी आधी तीच पोचलेली असायची.

आणि मी? मला फुकटचं राज्य मिळालं, दादा. बारा वर्षांच्या पोराच्या हातात एवढी सत्ता कुणी देऊ नये. शेवटची भाकरी माझी, खिडकीजवळची खाट माझी. मी आयटीआयला लागलो, मग कारखान्यात, तर सकाळच्या पाळीला तू मखमलाबादहून सातपूरला मला मोटरसायकलवर सोडायचास. सहा वर्षं, थंडीत कानटोपी माझ्या डोक्यावर घालून आणि स्वतः उघडा. मी कधी थँक्यूसुद्धा म्हणालो नाही. दर दसऱ्याला सगळ्यांना सोनं देऊन झालं की शेवटी तू उभा असायचास, आणि मी उरलेली पानं बैलाच्या दावणीत टाकायचो, तुझ्यादेखत. तुझ्या लग्नात फोटोवाल्याने दोघं भाऊ शेजारी उभे राहा म्हटलं, तेव्हा तू माझ्या डावीकडे आलास. मी म्हणालो, उजवीकडे ये, म्हणजे तू दिसणार नाहीस. वहिनी नव्या होत्या, त्या हसल्या, त्यांना थट्टा वाटली. तू मुकाट्याने उजवीकडे गेलास. त्यानंतर रस्त्याने चालताना, पंगतीत बसताना तू आपणहून माझ्या उजव्या बाजूला यायला लागलास.

मला पोरी नकार द्यायच्या तेव्हा मी घरी येऊन कुणावर चिडायचो नाही. फक्त जेवताना तुझ्याकडे बघायचो. तुझा घास तिथेच अडायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि मला त्याची चटक लागली होती. हे आज कबूल करतोय.

तर बंदूक. एका सुट्टीच्या दिवशी मी ती खोलायला घेतली. नळी वेगळी केली, रॉकेलमध्ये बुडवून ठेवली. दस्ता काढला. मागचा स्क्रू गंजून एकजीव झालेला, तो कापावा लागला. स्प्रिंग बाहेर आली ती दोन तुकड्यांत. म्हटलं, जुनी आहे, तुटणारच. मग दट्ट्या ओढला. त्याच्या तोंडावर कातड्याचा वायसर असतो, स्टोव्हच्या पंपात असतो तसाच, फक्त मोठा. तो वायसर जळलेला होता. वाळलेला नाही, कुजलेला नाही, जळलेला. कडा कोळसा झालेल्या. आतल्या भिंतीवर बोट फिरवलं तर बोट काळं. हवेच्या बंदुकीत काजळी कुठून आली?

मी ते बोट बघत बसलो. पाना हातातच होता. मी टर्नर आहे, पण डिझेल इंजिन कसं चालतं हे आयटीआयच्या पहिल्या वर्षीच शिकवतात. त्यात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती तापते, आणि तेलाचा फवारा पेटतो. या बंदुकीत हवा दाबली जातच होती, फक्त पेटायला काही नव्हतं. कुणीतरी आत तेल ओतलं तर आणि तरच ती धडाम म्हणणार, धूर सोडणार, आणि डब्यावर आपटून पडायचा तो छर्रा डबा फोडून पार जाणार.

तेल मी ओतलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नवमीला. आईने ओसरीवर सगळी हत्यारं मांडली होती. विळे, कोयते, छाटणीच्या कात्र्या, फवारणीचा पंप आणि बंदूक. त्यांना पुसून तेल लावायचं काम माझं. मग आई हळदकुंकू वाहणार, झेंडू घालणार. विळ्याच्या धारेला तेल लावलं, कोयत्याच्या धारेला लावलं. बंदुकीपाशी आलो तेव्हा विचार केला की हिची धार तर आत असते. नळी अर्धी मोडली की मागच्या बाजूला एक बारीक भोक दिसतं. आईच्या शिलाई मशीनच्या तेलाची बाटली त्या भोकाला लावली आणि पिळली. अर्धी बाटली गेली. मग बंदूक नळी वर करून भिंतीला टेकवून ठेवली, म्हणजे तेल नीट मुरेल. देवाचं काम मी मन लावून करायचो. आणि तू समोर पायरीवर आरसा टेकवून दाढी करत बसला होतास. गालाला साबण तसाच ठेवून म्हणालास, "काय रे, न्हाऊ घालतोस का तिला?"

हे सगळं मला त्या सुट्टीच्या दुपारी जसंच्या तसं आठवलं. इतकी वर्षं आठवलं नव्हतं असंही नाही. तेल लावल्याचं लक्षात होतं. त्या तेलाने काय केलं ते मात्र माहीत नव्हतं.

तुझी चूक नव्हतीच असं मी म्हणत नाही. मी पुढे उभा असताना तू चाप ओढलास, ती चूक तुझी, आणि ती मी आजही खोडत नाही. पण रोजच्यासारखी सुटली असती तर माझ्या डोळ्याला काही होणार नव्हतं. अर्धी चूक तुझी आणि अर्धी माझी, आणि मार, कॉलेज, बदनामी, उजवी बाजू, सगळं तुझ्या वाट्याला. मी त्या दिवशी काय केलं असेल? काजळी चिंधीने पुसली. जळका वायसर खिडकीतून नाल्यात टाकला. मग स्वतःची समजूत घातली की त्याला काय आठवतंय, आणि त्याला इंजिनाचं काय कळतंय? विहिरीवरचं डिझेल इंजिन तू एकट्याने खोलून जोडायचास, दादा. आसपासच्या चार मळ्यांतले लोक तुला बोलवायला यायचे. हे मी सोयीस्कर विसरलो.

मग तुझे रिपोर्ट आले. घशात गाठ, आणि ती काढायची तर आवाजाची पेटीच काढावी लागणार. वहिनींनी फोनवर रडत सांगितलं. मी म्हणालो, डॉक्टर बघतील. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तू एकटा माझ्या खोलीवर आलास. मी नवा वायसर बसवत होतो. बाजारात रबराचा मिळत होता, पण तू फोन करून करून डोकं खाल्लं होतंस की कातड्याचाच टाक, जसा होता तसाच. आपला तो शेवटचा वाद, आणि तो तू जिंकलास. चपला शिवणाऱ्याकडून म्हशीचं कातडं आणून मी तो कापला, साच्यात दाबला, चरबीत मुरवला, पुसून कोरडा केला. तेलाचा थेंब लावला नाही.

तू पलंगाच्या कडेला बसलास. आवाज घोगरा, निम्मे शब्द गिळलेले. म्हणालास, "संज्या, उद्या नंतर मला बोलता येणार नाय. एक बोलायचं हाय. त्या नवमीला—"

"दादा," मी म्हणालो, "मला ते ऐकायचं नाही. सतरा वर्षं पोटात ठेवलंस ना, ठेव अजून."

तू थांबलास. मी मान वर न करता म्हणालो, तंबाखूचा वास येतोय, चूळ भरून ये. तू मोरीत जाऊन खरंच चूळ भरलीस. परत आलास, पाच मिनिटं माझे हात बघत बसलास, आणि गेलास. ते तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. पुढचं वाक्य तुझ्या घशात होतं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी घसाच काढला. मला खरंच वाटलं होतं की तू माफी मागायला आलास. तू माफी मागितली असतीस तर मला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं, आणि उत्तर देताना ती काजळी तोंडावर आली असती. म्हणून तुला बोलू दिलं नाही. चोराच्या उलट्या बोंबा दुसरं काय.

नंतर एकदा सावकाश विचार केला. बार दसऱ्याला उडाला होता. माफी मागायची तर माणूस दसऱ्यापासून सुरुवात करेल. तू नवमीपासून का केलीस?

दिवाळीच्या आधी बंदूक तयार झाली. नवी स्प्रिंग सातपुरातल्याच एका छोट्या वर्कशॉपमधून माप देऊन करून घेतली. दस्त्याची चीर सरसाने बसवली, जवसाचं तेल बाहेरून चोळलं. नळी घासून काळी केली. देखणी झाली होती, खोटं कशाला बोलू. माझ्या हातून तेवढं चांगलं काम दुसरं झालेलं नाही. मळ्यात घेऊन आलो तर तू ओसरीवर उन्हात बसलेला. मानेला जाळीचा रुमाल, मांडीवर वहिनींनी दिलेली पाटी. आधी तू दस्त्यावरून हात फिरवलास. मग उठलास, घरातून एक रिकामा डबा आणलास आणि विहिरीच्या कठड्यावर स्वतः जाऊन ठेवलास. परत येऊन माझ्या मागे उभा राहिलास, नीट मागे.

मी डाव्या डोळ्याने नेम धरला. फट. डब्याला पोचा पडला आणि छर्रा चपटा होऊन खाली पडला. ही बंदूक वागायला हवी तशी वागली. तू हळूहळू चालत गेलास, डबा उचललास, पोच्यावर करंगळी ठेवलीस. छर्रा शोधून तळहातावर घेतलास. मग माझ्याकडे आलास, बंदूक माझ्या हातून घेऊन नळी मोडलीस, नाकाशी धरलीस, हुंगलीस. खाली बसून पाटीवर लिहिलंस आणि माझ्यासमोर धरलीस. ‘धूर नाही.’

तेव्हा माझी खात्री पटली. तुला माहीत होतं. तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, अण्णांची ठिबकची नळी पाठीवर पडत होती तेव्हाही. संज्याने आत तेल ओतलं, एवढं तू बोलला असतास तर निम्मा मार माझ्या नावावर गेला असता. तू बोलला नाहीस, कारण एका पोराचा डोळा गेलाय, त्यात आणखी हे कशाला. मग मी मोठा झालो, आणि मोठा होऊन असा निघालो. तरीही तू बोलला नाहीस. शेवटी मरायची वेळ आली तेव्हा बंदूकच आणून माझ्या पलंगावर ठेवलीस, की तूच खोल, आतलं तूच बघ. तुला मला दोष द्यायचा नव्हता. तुला माझ्या तोंडून ऐकायचं होतं, बस.

मी पाटी वाचली. ओसरीवर आपण दोघंच होतो. आई देवाला गेलेली, वहिनी फुलं खुडायला वावरात. चांगली वेळ होती. मी म्हणालो, "नवीन वायसर आहे ना."

तू पाटी पुसलीस. तुला आठवतं का, तू हसलास? गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली, आवाज नाही. त्या हसण्यावर मी आठ दिवस चिडून होतो. वर तोंड करून हसतोय म्हणे.

त्यानंतर चार महिने तू होतास. मी दर रविवारी यायचो, हे माझ्या नावावर लिही. मोसंब्याचा रस आणायचो, तुझी उशी सरळ करायचो, देवळालीच्या तोफा वाजल्या तर म्हणायचो, ऐक, माझे लोक. तू नुसता बघायचास. मी एक रविवार चुकवला नाही आणि एकदाही बोललो नाही. दर वेळी फाटकापाशी ठरवायचो की आज सांगू, आणि तुझ्या खाटेपाशी आल्यावर वाटायचं, पुढच्या रविवारी. असले माझे मनातले मांडे. खरं कारण दुसरं होतं. सांगितलं की राज्य गेलं. गावात, घरात, स्वतःच्या मनात मी सतरा वर्षं ज्याच्यावर हक्क गाजवला तो माणूसच माझा धनको निघणार. मेलास तेव्हा मी रडलो, खूप रडलो, सगळ्यांनी मला धरलं. त्या रडण्यात थोडी सुटका होती. आता तेही सांगून टाकतो.

तेराव्याच्या दिवशी जेवणं उरकली. ओसरीवर मामा होते, आई होती, चुलत्यांच्या घरची चार माणसं होती. वहिनी आतून तुझी पाटी घेऊन आल्या आणि माझ्यासमोर बसल्या.

"भाऊजी, तुम्ही येऊन गेलात की हे पाटीवर एकच लिहायचे. ‘काही म्हणाला का?’ मी म्हणायचे, नाही. मग पुसायचे. दर रविवारी. शेवटच्या रविवारीसुद्धा, हात चालत नव्हता तरी लिहिलं."

आईने तोंडाला पदर लावला. वहिनींना काय वाटलं होतं ते मला कळत होतं. त्यांना वाटलं, मी तुला माफ करण्याची तू वाट बघत होतास. त्यांना तेवढीच गोष्ट ठाऊक, गावाला ठाऊक आहे तेवढीच. तू त्यांनाही दुसरी सांगितली नव्हतीस. लिहिता येत होतं तरी.

"त्यांना तुमचा एक शब्द हवा होता हो," वहिनी म्हणाल्या. "नाही मिळाला. आता त्यांच्या वतीने मी मागते. त्यांच्या हातून झालं ते झालं. त्यांना माफ करा."

आणि त्या वाकल्या. थोरली वहिनी धाकट्या दिराच्या पाया पडत नाही, आपल्याकडे तशी रीत नाही. मामा अहो अहो म्हणत अर्धे उठले. त्यांचं कपाळ माझ्या पायांपर्यंत यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मला बोलता आलं असतं. तीन शब्द होते, दादा. तेल मी ओतलं. आई ऐकत होती, सगळे ऐकत होते, तुझं नाव तिथल्या तिथे धुऊन निघालं असतं. नाहीतर निदान पाय तरी मागे घ्यायचे.

मी पाय घेतले नाहीत. त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "उठा वहिनी. केलं माफ."